सड्यावरची सापसुरळी

सापसुरळीचं शेपूट माझ्या चिमटीत वळवळत राहिलं आणि ती स्वतः कातळाच्या फटीत पसार झाली. आम्ही उलटलेल्या दगडाखाली तिची पाच अंडी उघडी पडली होती. शेपटीला हात लावायचा नाही, हे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या सर्वेक्षणाच्या पहिल्याच दिवशी शिकवलेलं. मला मेली मोजमापाची घाई!

"परत येतली?" सड्यावर, त्या उघड्या कातळ-पठारावर, वाट दाखवणाऱ्या दिगूकाकांनी विचारलं.

"शेपूट येईल. ती येईल का, माहीत नाही. घाबरली तर अंडी सोडूनही जाते."

काकांनी दगड होता तसा अलगद टेकवला. आम्ही करवंदीच्या जाळीआड बसलो. मी घड्याळ बघत होते, उठत होते, पुन्हा बसत होते. अर्धा तास गेला. ऊन चढलं. फटीत काहीच हलेना.

"चला काका. माझ्यामुळे गेली ती."

"बस गो." त्यांनी उजवा हात वर केला. त्याला दोनच बोटं होती. आठवडाभर बघत होते, विचारलं कधीच नव्हतं. "चिरेखाणीच्या मशीनीत गेली. आठव्या दिसाक मी परत त्याच खाणीर गेलंय. पोरां ल्हान होती."