अर्जाच्या दिवशी जे खरं असेल ते

ओझीतनं पेन खाली ठेवलं. "आज सही करत नाही मी, विल्मर."

विल्मर वकिलानं चष्मा काढून डोळे चोळले. तेलविहिरींचा धंदा बसला त्या वर्षी निम्मं युनिस गाव त्याच्या टेबलापाशी येऊन दिवाळखोरीच्या अर्जावर सह्या करून गेलं होतं. पण एका अकॉर्डियनसाठी अडून बसलेली ही पहिलीच.

लुइझियानाचा कायदा तसा मायाळू. कर्ज सुटतं, त्या बदल्यात घरातलं सामान विकायला निघतं. पण पलंग, चूल, शिवणाचं मशीन, पाळलेल्या कोंबड्या, एक गाय आणि घरातल्या माणसांच्या तसबिरी यांना कोणी हात लावायचा नाही. आणि घरातलं माणूस जे वाद्य वाजवतं किंवा ज्यावर सराव करतं, त्यालाही नाही. ज्यानं कोणी तो कायदा लिहिला, त्याला आमची माणसं ठाऊक होती.

अकॉर्डियन तिच्या नवऱ्याचं, क्लेबेरचं होतं. जुनं, जर्मन, दहा बटणांचं. त्यावर त्यानं चाळीस वर्षं शनिवारचे नाच जागवले. तो गेला, इस्पितळाचं बिल मागे राहिलं, आणि अकॉर्डियन कपाटावर जाऊन बसलं. घरात आता ओझीत एकटी, आणि तिला एक सूर येत नव्हता.

"ओझीतमावशी, लिहा की मी वाजवते," विल्मर म्हणाला. "कोण बघायला येतंय?"

"हात वर करून शपथ घ्यायचीय ना मला? खोटं बोलायला हात कशाला वर करायचा? ते खाली ठेवूनही येतं."

मग तिनं विचारलं, कायद्यात कुठला दिवस धरतात. अर्ज दाखल होतो तो, विल्मरनं सांगितलं. त्या दिवशी जे खरं असेल ते. ओझीत उठली. "मग खरं झालं की सही करते."

विल्मरनं परोपरीनं समजावलं. अर्ज लांबला की तिच्या पगारातला चौथा हिस्सा दर आठवड्याला इस्पितळवाले कापून नेणार होते. ती क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले झिंगे, सोलायच्या कारखान्यात होती. तिथला पगार तो केवढा. ओझीत म्हणाली, नेऊ देत.

सहा आठवडे पगार कापला गेला. ती दिवसभर क्रॉफिश सोलायची, संध्याकाळी टरफलांनी चिरलेल्या बोटांना पट्ट्या गुंडाळून बटणं दाबायची. मंगळवारी आणि शुक्रवारी अकॉर्डियनचं खोकं घेऊन कुठेतरी शिकायला जायची. शेजारणींनी कुठे म्हणून विचारलं, तर नुसती हसायची. शेजारणी खिडक्या लावून घेत आणि म्हणत, क्लेबेर थडग्यात कूस बदलत असेल.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी ती विल्मरच्या कचेरीत आली, खुर्चीवर टेकली आणि क्लेबेरचा आवडता वॉल्ट्झ तिनं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवला. चारदा अडखळली. मग पेन मागितलं.

महिन्याभरानं ओपेलुससला सुनावणी लागली. समोर पेरोदँबाई होत्या. कायद्यानं राखलेलं सोडून बाकीचं विकायचं आणि पैसे देणेकऱ्यांना वाटायचे, हे त्यांचं काम. त्या काही सोडत नाहीत असा त्यांचा लौकिक. आणि मागच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून ओदिलाँ व्हिद्रीन बसला होता. जुनी अकॉर्डियनं दुरुस्त करायची आणि विकत घ्यायची, हा त्याचा धंदा. क्लेबेर जिवंत असताना त्यानं हे अकॉर्डियन तीनदा विकत मागितलं होतं. क्लेबेरच्या अंत्यविधीला तो शवपेटीपेक्षा अकॉर्डियनकडेच जास्त बघत होता, असं लोक म्हणत. पेरोदँबाईंनी किंमत ठरवायला त्यालाच बोलावलं होतं. आठ हजार डॉलर, त्यानं सांगितलं. विकायला निघालं तर मीच घेईन, हेही सांगितलं.

विल्मरनं खाली मान घातली.

"तुम्ही हे कधीपासून वाजवता?" पेरोदँबाईंनी विचारलं.

"अर्जाच्या आधी सहा आठवड्यांपासून. हा कायदा आहे म्हणून कळलं, त्या दिवसापासून."

विल्मरची मान आणखी खाली गेली. पेरोदँबाईंनी वाजवून दाखवायला सांगितलं. ओझीतनं तो वॉल्ट्झ वाजवला. दोनदाच अडखळली. आपल्या पाळीची वाट बघत बसलेल्या लोकांचे पाय फरशीवर ठेका धरू लागले.

पेरोदँबाई म्हणाल्या, कायद्यात वाजवणं आणि सराव एवढंच आहे, चांगलं वाजवणं कुठे लिहिलेलं नाही, तेव्हा त्याबद्दल त्यांचं काही म्हणणं नाही. पण अर्ज महिन्यापूर्वीचा. एक गाणं काय, या महिन्यातही बसवता येतं. अर्जाच्या दिवशी सराव चालू होता हे कोण सांगणार? त्या दिवशी विल्मरनं ऐकलं होतं, पण तो तर तिचाच वकील.

"तुम्हाला कोणी शिकवलं? त्यांचं नाव सांगा."

ओझीतनं नकारार्थी मान हलवली.

"बाई, नाव सांगितलं नाही तर हे अकॉर्डियन मला विकावं लागेल."

"शिकवणाऱ्यानं पहिल्याच दिवशी कबूल करून घेतलं होतं, नाव सांगायचं नाही म्हणून," ओझीत म्हणाली. "मी हो म्हटलं होतं." तिनं भात्याचा पट्टा बांधला, अकॉर्डियनवरून एकदा हात फिरवला आणि ते टेबलावर पेरोदँबाईंच्या बाजूला सरकवलं.

मागे बाक करकरला. ओदिलाँ व्हिद्रीन टोपी हातात धरून उभा होता.

"त्या मंगळवारी सही करून ती थेट माझ्याकडे आली, मॅडम," तो म्हणाला. "अंधार पडेपर्यंत माझ्याच ओसरीवर वाजवत होती, आणि चुकत होती तिथे मी सांगत होतो."