मथुराचे ठोके

ऑपरेशननंतर भास्करचं हृदय बायकोच्या ठोक्यांवर चालत होतं. मथुराच्या छातीवरची पट्टी ठोका पाठवायची आणि त्याच्या छातीतलं यंत्र तो जसाच्या तसा गिरवायचं. दवाखान्यात व्यायामाला ट्रेडमिलवर चालता चालता तो सवयीनं खेकसला, "पाणी कुठंय? अक्कल गहाण टाकलीस का?"

मथुरा निमूटपणे बाटली उघडत होती. भास्करच्या छातीत मात्र एकदम धडधड उसळली, मधेच ठोके चुकले. सिस्टरनं ट्रेडमिल थांबवली.

"काका, एवढं घाबरायला काय झालं?"

"मी कशाला घाबरू? हे हिचं आहे."

बोलून गेल्यावर त्याला ते कळलं.

"मथुरे, दर वेळी असं व्हायचं तुला?"

"पाणी प्या आधी."

तिच्या डोक्यावर ठेवायला त्यानं हात उचलला. छातीतली धडधड दुप्पट झाली.