पोपटीचा ताप

नात्यांत नातं रक्ताचं, असं मोठी माणसं सांगून गेली. कर्जतच्या शरच्चंद्र दातारांच्या घरात मात्र तीन महिन्यांपासून किडनीचं नातं वरचढ होतं. किडनी बायकोची, द्वारकाबाईंची. ती शरच्चंद्रांकडे राहायला आली होती, आणि माहेरच्या पाहुण्यासारखी तिची सरबराई चालू होती.

"पंख्याखाली बसू नका. माझी किडनी आहे आत."

शरीराने नवी किडनी हाकलून देऊ नये म्हणून गोळ्या देऊन त्यांची प्रतिकारशक्ती निजवून ठेवली होती. त्यामुळे बाहेरचं खाणं, गर्दी, माती, सगळं बंद. शरच्चंद्रांची तक्रार नव्हती. पण जानेवारी उजाडला आणि पोशीरहून भिवाजीचा फोन आला.

"शऱ्या, शनवारी पोपटी लावतोय रं. येतोस ना?"

शाळेपासून दोघांनी एकही पोपटी चुकवली नव्हती. कापणी झालेल्या शेतात उपडं घातलेलं मडकं, भोवती पेंढ्याचा जाळ, आत भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा. पहिलं मडकं भिवाजीच्या आईचं, तिला न विचारता आणलेलं. आता आई नव्हती, निम्म्या शेतात बंगल्यांचे प्लॉट पडले होते. पाल्याचा वास तेवढा तसाच होता.

शनिवारी द्वारकाबाई लोधिवलीला भाच्याच्या साखरपुड्याला गेल्या. शरच्चंद्र मास्क लावून पोशीरला गेले. मास्क पहिल्या शेंगेपर्यंत टिकला.

आठवड्याभरात ताप चढला. रक्ताच्या साध्या तपासण्या झाल्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघून झालं, काही सापडेना. ताप असाच राहिला तर किडनी धोक्यात येईल, असं मुंबईच्या डॉक्टर तनया म्हणाल्या.

"अशा पेशंटमध्ये नेहमीच्या तपासण्या फसतात. जंतू दिसला नाही तरी त्याच्या डीएनएचा अंश रक्तात सापडतो. पीसीआर करू."

अंश सापडला. जंतूचं नाव टॉक्सोप्लाझ्मा.

"मांजराच्या विष्ठेतून येतो, नाहीतर कच्च्या राहिलेल्या मांसातून," डॉक्टर म्हणाल्या. "एकदा आला की अंगात जन्मभर झोपून राहू शकतो..."

पुढचं द्वारकाबाईंनी ऐकलं नाही. त्या नवऱ्याकडे बघत होत्या.

"पोपटीत कोंबडी होती," शरच्चंद्र म्हणाले. "मी एकच तंगडी खाल्ली."

दातारांच्या कुटुंबात कोंबडीचा उच्चार त्या दिवशी प्रथम झाला.

औषध लागू पडलं, ताप उतरला. भिवाजी शेंगांची पिशवी घेऊन दारात आला.

"वयनी, कसा हाय आमचा शऱ्या?"

"आहे. तुमच्या कृपेने जाता जाता राहिला."

"कोंबडी कच्ची नव्हती वो. म्हंजे... धुरात काय दिसतंय?"

"भावजी, आता या घरी येऊ नका. हेही पोशीरला येणार नाहीत. कधीच."

ज्याच्या पोटात बायकोची किडनी असते, त्याला बायकोपुढे बोलायची सोय नसते. भिवाजीने पिशवी फाटकाला अडकवली आणि तो चालू लागला. शाळेच्या वाटेवरही तो असाच पुढे असायचा, शऱ्याचं दप्तर खांद्यावर टाकून. तेव्हा तो मध्येच मागे वळून बघायचा. आज वळला नाही.

पुढच्या खेपेला द्वारकाबाई तयारीनिशी गेल्या.

"डॉक्टर, जंतू पोशीरचाच, एवढं कागदावर द्या. चौकटीत घालून यांच्यासमोर टांगते."

डॉक्टर संगणकात बघत होत्या. "तुमच्या दोघांच्या रक्ताचे जुने नमुने राखून ठेवले होते, तेही मी तपासून घेतले. तुमच्या माहेरी कधी मांजर होतं का?"

द्वारकाबाईंचा चेहरा एकदम सैल झाला.

"होतं तर! चिमी. माझ्याच गोधडीत निजायची. चुलीजवळची राख घाण करायची, आई ओरडायची, मग मीच ती हातांनी भरून टाकायची. मेली तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते मी."

इतक्या वर्षांच्या संसारात शरच्चंद्रांनी हे प्रथमच ऐकलं. बायकोचे डोळे भरलेले बघून त्यांनाही भरून आलं.

"ऑपरेशनआधी यांच्या रक्तात लागणीची खूण नव्हती, तुमच्यात जुनी होती," डॉक्टर म्हणाल्या. "आणि पोपटीच्या आदल्या आठवड्यात नेहमीच्या तपासणीला घेतलेल्या यांच्या रक्तात जंतू सापडला. तो किडनीबरोबर आला."