चौदावा टोल

“जिवंत माणसासाठी टोल द्यायचा नाही,” लोइस ट्रेमबाथ म्हणाली आणि तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणजे विषय संपला.

तो जिवंत माणूस तिच्या समोरच बसला होता. आर्वो कांगास, वय एकोणसत्तर. मांस-बटाटा भरलेली गरम पेस्टी खात होता.

चर्चच्या तळघरात स्मृतिसमितीची बैठक चालू होती. ‘क्लॅरेन्स हॉब्सन’ ही लोहखनिज वाहणारी अजस्र बोट सुपीरियर सरोवरात बुडाली, त्याला येत्या गुरुवारी पंचेचाळीस वर्षं होणार होती. नोव्हेंबरचं वादळ, घराएवढ्या लाटा, सत्तावीस माणसं. एकाचाही देह हाती लागला नाही. बोटीचं नाव देशभर झालं. दर वर्षी लांबून लांबून माणसं येत, धक्क्यावरच्या दगडासमोर उभी राहत. पास्टर एकेक नाव वाचत आणि बर्ट नँकर्व्हिस घंटेचा एकेक टोल देई. चौदावं नाव आर्वो कांगास. ते वाचलं की पहिल्या रांगेतला आर्वो टोपी काढी.

गावाला याचं काही वाटत नसे. त्या खेपेला आर्वोची अक्कलदाढ सुजली आणि तो बंदरातच मागे राहिला. चार दिवसांनी टम्म फुगलेला गाल घेऊन गावी पोचला, तेव्हा याच चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना चालू होती. त्याला बघून त्याची आई बेशुद्ध पडली. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंना काहीच सुचेना, म्हणून त्या वाजवतच राहिल्या. बुडालेल्यांची यादी कंपनीच्या कचेरीतून आली होती. कचेरीला काय कळतंय, असं सगळे म्हणाले. पण तोवर तीच यादी दगड कोरणाऱ्याकडे गेली होती. बर्फ वितळल्यावर सत्तावीस नावांचा दगड आला. एक नाव खरवडावं तर मधोमध खड्डा पडणार. राहू दे, म्हणाले. राहिलं. दगडावर नाव आहे तर टोलही हवा, म्हणून टोलही पडू लागला.

तेव्हापासून बर्ट त्याला ‘मेल्या’ म्हणे. पुढे आर्वोचं लग्न झालं. पास्टरांनी ‘मरेपर्यंत साथ देशील का’ विचारलं, तेव्हा सगळं चर्च हसलं होतं.

लोइस गावात नवी होती. तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेली. चुकीचा आकडा तिला भातातल्या खड्यासारखा लागे.

“यंदा टीव्हीवाले येणार आहेत,” ती म्हणाली. “बुडाले सव्वीस, तर टोल सव्वीस. आणि ते नाव काढायचं. मिस्टर कांगास, वाईट वाटून घेऊ नका.”

“त्याला कशाला वाईट वाटेल?” बर्ट म्हणाला. “पंचेचाळीस वर्षांनी उठून बसतोय. मेल्या, केक आण आता.”

सगळे हसले. हात वर झाले. सातांपैकी सहा. आर्वोचा हात खालीच राहिला.

“माझी ना आहे,” तो म्हणाला.

“तुम्ही जिवंत आहात, मिस्टर कांगास. त्याला मतदान लागत नाही.”

“मी जिवंत आहे. पण माणसं सत्तावीसच बुडाली.”

बर्टचं हसू अजून पुरतं मावळलं नव्हतं. आर्वोने पेस्टी बाजूला सारली.

खलाशांच्या वसतिगृहात त्याच्या शेजारच्या खाटेवर एक माणूस होता. दारूपायी दोनदा बोट चुकवलेला. त्याला आता कोणी घेत नव्हतं. निघायच्या सकाळी आर्वोला दाढेमुळे मान उचलता येईना. बोट चुकली तर नोकरी गेली. तो माणूस म्हणाला, तुझं कार्ड दे, कोट दे, एवढी एक खेप मी मारून येतो. तुझी नोकरी राहील, आणि मला अजून जमतं का ते मला कळेल. आर्वो त्या बोटीवर पहिल्यांदाच चढणार होता. त्याला ओळखणारं तिथे कोणी नव्हतं.

“मी दिलं,” आर्वो म्हणाला. “कोटाची बटणंही मीच लावून दिली. त्याचे हात थरथरत होते.”

“इतकी वर्षं बोलला का नाहीस रे?” बर्टने विचारलं.

“पहिल्याच दिवशी सांगणार होतो. दारातून आत आलो तर तुम्ही सगळे गळ्यात पडलात. आई शुद्धीवर आली ती माझा हात सोडेना. म्हटलं, उद्या सांगू.”

मग लोइसने चष्मा लावला आणि वही पुढे ओढली.

“त्यांचं नाव सांगा. दगडावर तेच कोरू.”

“विचारलं होतं मी. तो आरशात कोट बघत होता. म्हणाला, आता मी आर्वो कांगास, दुसरं काही विचारू नकोस.” आर्वो थांबला. “बोटीवर त्याला सगळ्यांनी त्याच नावाने हाक मारली असणार. त्याच नावाने तो बुडाला. ते त्याचंच आहे. दगडाला हात लावू नका.”

“मग तुमचं काय?”

“माझं नंतर बघू.”

गुरुवारी टीव्हीवाल्यांसमोर सत्तावीस टोल पडले.

तीन वर्षांनी आर्वो वारला. मागे एक चिठ्ठी होती, तिच्याप्रमाणे टेकडीवरच्या दफनभूमीत त्याचा दगड बसवला. वर जन्माची तारीख, खाली मृत्यूची, आणि मध्ये कोरी जागा. दगड कोरणाऱ्याने दोनदा फोन केला. बाई, म्हणाला, नाव राहिलंय.

“राहिलं नाही,” लोइसने दोन्ही वेळा सांगितलं. “त्यांनी ते देऊन टाकलंय.”