अर्धी सुटलेली वेणी

दिल्लीच्या त्या सरकारी इस्पितळात बलात्काराच्या गुन्ह्यातल्या कैद्यांची मानसिक तपासणी डॉ. परीक्षित बावीस वर्षं करत होते. आधी प्रत्येकाच्या हातात कागद-पेन्सिल द्यायची आणि सांगायचं, माणूस काढ.

वर्षभरात चौघांनी एकच चित्र काढलं. अर्धी वेणी सुटलेली एक बाई, आणि तिनं कॉलर धरलेला तो कैदी स्वतः. चौघे चार तुरुंगांतले, एकमेकांचं तोंडही न पाहिलेले. डॉक्टरांनी चौघांच्या नावापुढे लिहिलं, ‘पश्चात्ताप दिसतो, धोका कमी.’ चौघे पॅरोलवर सुटले. एकानं महिन्याभरात पुन्हा तेच केलं. डॉक्टरांनी ती बातमी आलेल्या पेपरची घडी घालून ठेवली.

आज दुपारी पाचव्यानं कागद पुढे सरकवला.

“सर, पुन्हा तीच बाई,” त्यांची सहायक सलोनी म्हणाली.

“मग तेच लिही ना, यार.” डॉक्टरांनी कागदाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

सलोनीचं पेन हललं नाही. “सर, तिनं कॉलर धरलेल्या माणसाला तुमचा चष्मा आहे. दोरीसकट.”

डॉक्टरांनी कागद ओढला. “ये कौन है?”

कैद्यानं चित्रातल्या बाईवर बोट ठेवलं. “मैंने तो अपने को बनाया था, साहब. चश्मा उसने लगवाया.”

डॉक्टर हसायला गेले. त्यांच्या कॉलरचं बटण तुटून कागदावर पडलं.