सासूबाईंचा डोळा लागला

खुर्चीवाल्याने सासूबाईंना नुसतं बसायला सांगितलं होतं. झोपायला नाही.

त्याची पद्धतच तशी. वेताची बैठक नवी विणली, की गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी तीत कुणाला तरी घटकाभर बसवायचं. माणसाच्या वजनाने वीण एकदा ताणून बसली की पुढे वर्षानुवर्षं ढिली पडत नाही, असं त्याचं म्हणणं. बंदरापासून डोंगरावरच्या किल्ल्याकडे चढत जाणाऱ्या दगडी गल्लीत त्याचं दुकान अगदी मधोमध होतं, म्हणजे दमलेली माणसं थांबायची तिथेच. सासूबाई गुडघे धरून थांबल्या आणि त्याने खुर्ची पुढे केली. "फुकट बसायचं, वर आपणच उपकार केल्यासारखं. बरंय की," म्हणत त्या टेकल्या. पुढचं वाक्य त्यांनी सुरू केलं, पण ते पुरं काही झालं नाही.

सुनेला आधी वाटलं, विसरल्या असतील. मग तिने वाकून पाहिलं. सासूबाईंची मान कलली होती, तोंड किंचित उघडं होतं, आणि सासरे गेल्यापासून जी मूठ कधी सैल दिसली नव्हती ती मांडीवर उलगडून पडली होती.

ही बाई झोपत नव्हती. पाल चुकचुकली तरी उठून बसायची. रात्रभर घरात फेऱ्या. कडी लावली का, गॅस बंद केला का, आणि अधूनमधून दाराशी येऊन, "सूनबाई, जागी आहेस ना?" नसली जागी, तर आता झालीच. हवापालट होईल, समुद्रावर तरी डोळा लागेल म्हणून सगळे बोटीच्या सहलीला निघाले होते, आणि आज काही तासांपुरती ती बोट या बंदरात थांबली होती. बोटीवर फेऱ्या मारायला जागा तेवढी जास्त मिळाली.

सून हळूच पायरीवर बसली. पर्सची चेन उघडायचीही तिला भीती वाटली. खुर्चीवाल्याने हातोडी फडक्यावर ठेवली आणि हातातल्या वेताच्या पट्ट्या आवाज न करता पाण्याच्या बादलीत सोडल्या. डोंगरावरून धुकं उतरत होतं. समोरच्या खिडकीत कुणीतरी चादर झटकली, पण ती बाई होती की नुसतीच चादर, ते कळलं नाही. गल्लीच्या खालच्या टोकाला, दोन घरांच्या फटीत, त्यांची पांढरी बोट शेजारच्या इमारतीसारखी उभी होती. मग तिचा खालचा मजला दिसेनासा झाला, मग मधला. सुनेला वाटलं, हे गाव असं थोडं थोडं करून आपल्यालाही पुसून टाकेल, आणि तिला त्याचं काही वाईट वाटलं नाही.

नवरा आणि लेक बबडी किल्ला बघून खाली आले. तेवढ्यात बोटीचा पहिला भोंगा झाला. सासूबाईंची पापणीसुद्धा हलली नाही.

"चल, उठव आईला," नवरा म्हणाला.

"नाही."

"नाही म्हणजे?"

"हळू बोल. नाही म्हणजे नाही उठवणार."

"अगं, बोट काय आपल्या मामाची आहे थांबायला?"

"मग जाऊ दे तिला. सकाळी घाटातून पुढच्या बंदराला बस जाते. मी विचारलं यांना." खुर्चीवाल्याने मान डोलावली. "आईंच्या गोळ्या माझ्याजवळ आहेत. कागदपत्रंही आहेत."

"आणि सामान?"

"सामान जाईल पुढे. त्याला कुठे झोप हवीय?" ती सासूबाईंच्या पायांशी सरकली. "मी दमलेय रे. तू कूस बदलून घोरायला लागतोस. त्या फिरतात आणि मी त्यांची पावलं ऐकत पडते. आज पहिल्यांदा मला त्यांचा राग येत नाहीये. एवढं तरी राहू दे."

नवऱ्यांना उत्तर सुचलं नाही की उपाय सुचतो. हा बबडीला घेऊन धावत बंदरावर गेला, दोन खलाशांना गाठून हातापाया पडला आणि त्यांना वर घेऊन आला. बेत साधा होता. आईला खुर्चीसकट उचलायचं आणि अलगद बोटीवर नेऊन ठेवायचं. खुर्चीची किंमत मागाहून बघू.

खुर्चीवाला ओठांवर बोट ठेवून दारातच उभा होता.

सासूबाई तशाच होत्या. त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून सूनही झोपली होती. पर्स पायरीवर घसरली होती, केसांची पिन सुटली होती, आणि पिटुकलं पोर झोपावं तसा गाल चेपला गेला होता. नवरा तिच्याकडे बघत राहिला. तिच्या डोळ्यांखालचं काळं त्याने रोज पाहिलं होतं. इतके दिवस त्याला ते काजळ वाटत होतं.

थोरल्या खलाशाने वाकून खुर्चीच्या पायाला हात घातला. "उचलू?" त्याने नुसत्या ओठांनी विचारलं.

नवऱ्याने एकदा खाली, बोट होती त्या बाजूला पाहिलं. तिथे आता निव्वळ पांढरं होतं. "राहू द्या," तो म्हणाला.

खलाशी चवड्यांवर चालत गल्ली उतरून गेले.

"बाबा, आपण राहिलो?" बबडी कुजबुजली.

"हो गं. राहिलो."

खाली साखळ्या खडखडल्या. आता शेवटचा भोंगा होणार होता, डोंगरात घुमणारा, लांबलचक. नवरा लगबगीने खुर्चीमागे गेला आणि आईच्या दोन्ही कानांशी त्याने तळवे धरले, न टेकवता. बबडीने बापाकडे पाहिलं, आणि खाली बसून आपल्या आईचे कान झाकले.