चौथी झेंडी

झेंड्या चार. लोखंडी कडी दोन, एक मोठं, एक लहान. वीस लिटरचे कॅन आठ, त्यांतले सहा रिकामे. माणसं तीन: मोजणारी मुलगी, लागवडीचे साहेब आणि या झाडांचा म्हातारा राखणदार.

तीन झेंड्यांपाशी मोजून झालं होतं. ताशी चोवीस मिलिमीटर पाणी मुरलं, मग पुन्हा चोवीस, मग छत्तीस. चाळीसच्या खाली मुरत असेल तर जुनी झाडं काढून नवी लावायची, असं साहेबांच्या फायलीत होतं. ट्रॅक्टर वाळल्या गवतात येऊन उभाच होता.

चौथ्या झेंडीपाशी कडं ठेवायला ती वाकली आणि तशीच थांबली. मातीवर बारीक, समांतर रेघा होत्या. झेंडीभोवती ताटाएवढी नव्हे, चांगली खाटेएवढी जागा लख्ख होती. त्यापलीकडे घोट्याएवढा पाचोळा.

"काका, हे झाडलं कुणी?"

"मीच की!" राखणदार खुलला. "चारही ठिकाणी. तुम्ही खाली बसणार, काटे टोचायचे. चोपून पण घेतलंय चांगलं, तुमचं कडं डगमगायला नको."

तिने बोटाने माती दाबली. बोट आत गेलं नाही.

"काका, पाणी पाचोळ्यातून मुरतं, भुसभुशीत मातीतून मुरतं. चोपलेल्या मातीवर ते नुसतं उभं राहतं."

राखणदाराने हातातला खराटा हळूच पाठीमागे नेला.

"साहेब, मी दोन मीटर सरकते. जमीन विस्कटलेली असेल तर सरकायचं, असा नियम आहे."

"विस्कटलेली? अंगण करून ठेवलंय त्याने!" साहेबांनी घड्याळ पाहिलं. "सरका. चाळीसच्या वर गेलं तर बाकीचे तीन उद्या पुन्हा मोजू. नाही गेलं तर ट्रॅक्टर आजच आत."

तिने पाचोळ्यातच कडी ठोकली, लहान आत, मोठं बाहेर. दोन्हींत पाणी ओतलं. आतल्या कड्यात पट्टी उभी केली.

पहिल्या पाच मिनिटांत चौदा मिलिमीटर.

"चौदा!" राखणदार म्हणाला.

"थांबा, काका. कोरडी माती आधी अधाशासारखी पिते. ओळीने तीन आकडे सारखे आले, की तो खरा."

नऊ.

सहा.

"उतरतंय," साहेब म्हणाले. "तीनवर आलं की ताशी छत्तीसच. मग आटपा."

चार.

राखणदार एका मुळावर दोन्ही पाय जुळवून उभा होता, तोल सावरत.

"काका, बसा ना खाली."

"नको ताई. पाय कुठे टेकवू तेच कळेना."

चार.

शेवटच्या कॅनमधलं उरलेलं पाणी तिने बाहेरच्या कड्यात ओतलं. कॅन उलटा धरून झटकला. घड्याळ पुन्हा सुरू केलं. ट्रॅक्टरवाल्याने इंजिन चालू केलं. साहेबांनी त्याच्याकडे न बघता हात वर करून ते बंद करायला लावलं.

पाच मिनिटं झाली. ती पोटावर झोपली आणि डोळा पट्टीच्या रेषेत आणला. साहेब चष्मा कपाळावर ढकलून पलीकडून गुडघ्यांवर आले.

"तुम्ही वाचा," ती म्हणाली.

साहेबांनी दोनदा पाहिलं.

"चार."

तिने वहीत लिहिलं: चार गुणिले बारा, ताशी अठ्ठेचाळीस मिलिमीटर.